रेंज नसलेल्या गावातून बी.कॉम.: उद्यमबागेतल्या एका मुलाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. मुलगा जांबोटी भागातल्या एका गावचा, वय २१. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग खानापुरात कॉमर्समधून पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी. वडील गेले, शिक्षण थांबलं. आता बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी लेथवर (संगणकावर चालणाऱ्या कातयंत्रावर) शिफ्टनं काम करतो. आठवडाभर बेळगावात खोलीवर, रविवारी गावी. त्याला बी.कॉम. करायचंय. विचारतो, "सर, ऑनलाइन बरं की डिस्टन्स? गावात रेंज नाही, पावसात लाईटचा भरवसा नाही. इंग्लिश जड जातंय. आणि असली डिग्री खरी धरतात का?"

वयानं माझ्या विद्यार्थ्यांएवढा आहेस, तेव्हा अरे-तुरेच करतो. मी २६ वर्षं कॉलेजात वाणिज्य शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं रविवारच्या सकाळी एका मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर समुपदेशक म्हणून घालवली. समुपदेशक हा शब्द भारदस्त आहे. काम म्हणजे अर्ध्या रिकाम्या वर्गात बसायचं, पुस्तकात कुठं अडलं ते विचारायचं, स्वाध्याय तपासायचे आणि "सर, परीक्षेचा फॉर्म भरायचा राहिला" हे दर सत्रात नव्यानं ऐकायचं.

रेंजची भीती आधी घालवतो, कारण तुझ्या प्रश्नात तीच सगळ्यात मोठी आहे आणि तीच सगळ्यात कमी महत्त्वाची. तुझ्या डोळ्यांसमोर ऑनलाइन म्हणजे लॉकडाऊनमधला मोबाइलवरचा वर्ग आहे. सर बोलतायत, पोरं ऐकतायत, मधेच चित्र गोठतंय. तो वर्ग मीही घेतलाय. २०२० च्या पावसाळ्यात टिळकवाडीतल्या घरी टेबलावर पुस्तकांची चळत रचून तिला फोन टेकवायचा आणि बोलत सुटायचं. माझ्या वर्गात कणकुंबीच्या पलीकडची एक मुलगी होती. घरात रेंज नाही म्हणून छत्री घेऊन सड्यावर जाऊन उभी राहायची. हजेरीला "येस सर" म्हणायची, पुढं पाचेक मिनिटांनी तिचा आवाज यायचा, "सर, कट कट येऊलाय." तिच्या माइकमधून मला तिच्यापेक्षा छत्रीवरचा पाऊसच जास्त ऐकू यायचा. आठवडाभर हा खेळ चालला. तिनं तासाला उभं राहून ऐकलं काय, तर हजेरी.

मग मी वर्ग बंद केला. वीस-वीस मिनिटांचे आवाजाचे तुकडे रेकॉर्ड करायला लागलो, एका तुकड्यात एकच मुद्दा, आणि सोबत हातानं सोडवलेल्या एका उदाहरणाचा फोटो. ती सकाळी डेअरीला दूध घालायला खाली यायची. तिथं रेंज असायची. कॅन मोजून होईपर्यंत कालचा तुकडा फोनमध्ये उतरलेला असायचा. दिवसभर ती तो दोनदा ऐकायची, संध्याकाळी उदाहरण सोडवायची, दुसऱ्या दिवशी डेअरीवरून मला फोटो. त्या वर्षी तिचा अकाउंट्सचा पेपर शहरातल्या पोरांपेक्षा बरा गेला. शहरातल्या पोरांकडे वायफाय होतं आणि ती पोरं कॅमेरा बंद करून झोपायची.

यामागचा हिशेब साधा आहे. ३२ केबीपीएसनं रेकॉर्ड केलेला बोलण्याचा आवाज तासाला जेमतेम साडेचौदा एमबी होतो, म्हणजे माझा वीस मिनिटांचा तुकडा पाच एमबीच्या आत. तेवढ्याच वेळाचा मध्यम दर्जाचा व्हिडिओ शंभर एमबीच्या घरात सहज जातो. आणि खरा फरक आकाराचा नाहीच, धारेचा आहे. लाइव्ह वर्गाला न थांबता वाहणारं पाणी लागतं. फाइल उतरवणं म्हणजे नळ येईल तेव्हा घागरी भरून ठेवणं. बेळगावच्या माणसाला यापेक्षा जास्त समजावून सांगायची गरज नाही.

फोनवर चार काड्या दिसतात तरी नेट का चालत नाही, हेही पोरं नेहमी विचारतात. काड्या एवढंच सांगतात की टॉवरचा सिग्नल तुझ्यापर्यंत किती जोरात पोचतोय. त्या टॉवरवर आत्ता किती जण लटकलेत, आणि टॉवरला मागून जोडणारी फायबर किंवा मायक्रोवेव्हची लाइन किती रुंद आहे, ते काड्यांत दिसत नाही. संध्याकाळी सात ते दहा सगळं गाव फोनला चिकटलेलं असतं. पहाटे पाचला तोच टॉवर मोकळा असतो. खानापूरच्या पश्चिम पट्ट्यात जून ते सप्टेंबर लाईट गेली की टॉवर बॅटरीवर जातो, बॅटरी उतरली की तोही आंधळा. (कणकुंबीकडे फोन कधी गोव्याचा टॉवर धरतो, चंदगड हद्दीला महाराष्ट्राचा. सीमाप्रश्न टॉवरला कुणी सांगितलेला नसावा.) तेव्हा तू आठवडाभर बेळगावात असताना उतरवून घे, रविवारी गावी फोन विमानमोडवर टाकून वाच-ऐक. गावी रेंज नसणं हा तुझ्या अभ्यासाला फायदाच आहे, हे मी चेष्टेनं म्हणत नाही.

निपाणीची एक विद्यार्थिनी होती, चाळिशीतली, विड्या वळणारी. दिवसभर सुपात पानं-तंबाखू घेऊन बसायची. हात गुंतलेले, डोळे गुंतलेले, पण कान मोकळे. तिनं मला पहिल्यांदा विचारलं की पुस्तक कुणी वाचून दाखवेल का. तिची पुतणी रोज रात्री एक घटक मोठ्यानं वाचून फोनवर रेकॉर्ड करायची, ही दुसऱ्या दिवशी विड्या वळता वळता ऐकायची. पुतणीचे उच्चार चुकायचे, मधे कुत्रं भुंकायचं. बी.ए.ची तीन वर्षं तिनं अशी काढली आणि पुतणीही फुकटात शिकली. मी तेव्हापासून कुणालाही आधी विचारतो की दिवसात तुझं काय मोकळं असतं, डोळे, कान की हात. लेथवर कान मोकळे ठेवून चालत नाही, तिथं इअरफोन घालू नकोस. तुझे डोळे बसमध्ये मोकळे असतात, तेव्हा तुला छापील पुस्तक किंवा पीडीएफ बरं. इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं, जवळजवळ सगळं पाठ्यसाहित्य ई-ज्ञानकोश या त्यांच्या भांडारात फुकट आहे. प्रवेश घ्यायच्या आधीच एक खंड उतरवून वाचून बघ.

बेळगावला हे तंत्रज्ञान नवं आहे असं समजू नकोस. २० सप्टेंबर २००४ ला इस्रोनं एज्युसॅट हा खास शिक्षणासाठीचा उपग्रह सोडला. त्याच्या प्राथमिक प्रयोगासाठी जी तीन विद्यापीठं निवडली होती, त्यांत आपलं व्हीटीयू, म्हणजे बेळगावचं विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ होतं आणि नाशिकचं मुक्त विद्यापीठही. तिसरं भोपाळचं राजीव गांधी तंत्रशास्त्र विद्यापीठ. मी तेव्हा एका अभियांत्रिकी कॉलेजात मुद्दाम बघायला गेलो होतो. गच्चीवर डिश, वर्गात मोठा पडदा, दूरच्या स्टुडिओत प्राध्यापक. चित्र एकाच बाजूनं यायचं, प्रश्न विचारायचा तर फोन करायचा. मागच्या बाकांवर पोरं पेंगत होती. पण त्याच कॉलेजात एक तरुण लेक्चरर प्रसारण संपलं की पंधरा मिनिटं फळ्यावर तेच गणित परत सोडवायला लावायचा, आणि त्याच्या वर्गात कुणी पेंगत नव्हतं. उपग्रह दोन्ही वर्गांना एकच होता.

आता ऑनलाइन की डिस्टन्स. इथं घोळ आहे आणि तो नीट समजून घे, कारण आपण हद्दीवर राहतो. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, २०२० ची नियमावली या दोन्हींना वेगवेगळं धरते. दूरस्थ म्हणजे छापील किंवा पीडीएफ स्वयंअध्ययन साहित्य, जवळचं अभ्यासकेंद्र, रविवारचे संपर्कवर्ग, केंद्रावर परीक्षा. ऑनलाइन म्हणजे सगळं पोर्टलवर, व्हिडिओ, वाचन, चाचण्या, चर्चा, आणि देखरेखीखालची परीक्षा. आपल्यासाठी महत्त्वाचा फरक हद्दीचा आहे. राज्य विद्यापीठाला दूरस्थ शिक्षणासाठी आपल्या राज्याबाहेर केंद्र उघडता येत नाही. ऑनलाइन अभ्यासक्रमाला ती अट नाही, तो देशात कुठूनही करता येतो. म्हणून महाराष्ट्रातल्या एखाद्या विद्यापीठाचा मान्यताप्राप्त ऑनलाइन अभ्यासक्रम तू उद्यमबागेतल्या खोलीत बसून करू शकतोस, पण नाशिकच्या दूरस्थ अभ्यासक्रमाचं केंद्र तुला बेळगावात मिळणार नाही. चंदगड, गडहिंग्लज, कागल अशा पलीकडच्या गावांत चौकशी करावी लागेल, आणि संपर्कवर्ग व परीक्षा दोन्हींना तिकडे जावं लागेल.

तुझ्यापुढं खरे तीन पर्याय आहेत. इग्नू, १९८५ चं, केंद्र सरकारचं, त्याला देशभर केंद्रं चालवता येतात, बी.कॉम. इंग्लिश किंवा हिंदीतून. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, १९८९ चं, पुस्तकं मराठीतून. म्हैसूरचं कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ, १९९६ चं, मुख्यतः कन्नड आणि इंग्लिश. मराठी म्हणून मन नाशिककडे ओढ घेतं, हे मला कळतं. पण शिफ्टवर काम करणाऱ्या माणसानं दर सत्राला चार-पाच पेपरांसाठी हद्द ओलांडायची, एसटी चुकली की पेपर गेला, हे मी फार वेळा पाहिलंय. माझं मत विचारशील तर इग्नूचं दूरस्थ बी.कॉम. घे, परीक्षा केंद्र बेळगाव माग, आणि नाशिकची मराठी पुस्तकं शेजारी ठेव. एकाचं पुस्तक परीक्षेसाठी, दुसऱ्याचं डोक्यात शिरण्यासाठी. प्रवेशाचा फॉर्म भरताना बेळगावातलं कोणतं केंद्र तुझ्या अभ्यासक्रमासाठी सध्या चालू आहे ते बघून घे. पोर्टलवर नाव असतं आणि प्रत्यक्षात कुलूप असतं, असं होतं.

भाषेचं म्हणशील तर आपल्याकडच्या पोरांची अडचण एकट्या इंग्लिशची नाही. फॉर्म कन्नडमध्ये, पुस्तक इंग्लिशमध्ये, डोकं मराठीत. एक दोनशे पानी वही घे आणि प्रत्येक पानावर तीन रकाने आख. पहिल्यात इंग्लिश शब्द, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात तुझ्या रोजच्या कामातली वस्तू. उदाहरण देतो. पुस्तकात डेप्रिसिएशन येईल. मराठीत घसारा. कन्नडमध्ये सवकळी. दोन्ही शब्द झिजण्यावरूनच आलेत. आता तिसऱ्या रकान्यात तू काय लिहिणार? तुझ्या लेथच्या टूलचं इन्सर्ट. किती नग काढले की धार जाते, मग ते फिरवून दुसरी कड घ्यायची, सगळ्या कडा संपल्या की भंगार. हे तुला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. इन्सर्ट झिजतं तसंच अख्खं मशीन झिजतं, फक्त वर्षावर्षानं, आणि ती झीज पैशात मांडली की घसारा झाला. कॉलेजात मी हा मुद्दा शंभर पोरांना शिकवला. त्यातल्या नव्वदांनी आयुष्यात झिजलेलं टूल हातात धरलेलं नव्हतं. डेटर-क्रेडिटर, ऋणको-धनको, तुझ्या गावच्या किराणा दुकानाची उधारीची वही, असंच पुढं.

वेळेबद्दल तुला कुणी खरं सांगत नाही, म्हणून मी सांगतो. दूरस्थ शिक्षणात एक श्रेयांक म्हणजे तीस तासांचा अभ्यास. सत्राला २० श्रेयांक धरले तर ६०० तास. सहा महिन्यांचे २६ आठवडे, म्हणजे आठवड्याला २३ तास. आठ तासांची शिफ्ट, वर ओव्हरटाइम, आणि त्यावर २३ तास हे जमणार नाही. जमेल असं सांगणारा तुझी फी मोजतोय. पण इग्नूत तीन वर्षांच्या पदवीला सहा वर्षांची मुदत असते. पाच वर्षं धरलीस तर आठवड्याला १४ तास होतात, रोजचे दोन. पहिल्या सत्रात सगळे पेपर द्यायचे नाहीत. दोन किंवा तीनच दे, पण पास हो. स्वाध्याय मात्र एकही सोडू नकोस: बहुतेक विषयांत ३० टक्के गुण त्यावर असतात आणि ते घरी बसून मिळतात. माझ्या केंद्रावर जी पोरं गळाली ती परीक्षेत नापास होऊन क्वचितच गळाली. स्वाध्याय वेळेत दिला नाही, मग लाज वाटली, मग केंद्रावर यायचं बंद केलं, असा तो घसरत जाणारा रस्ता असतो. उशीर झाला तरी ये. समुपदेशक ओरडत नाहीत. त्यांना वर्गात चार डोकी हवीच असतात.

फी भरायच्या आधी एक तालीम कर. स्वयम् हे केंद्र सरकारचं पोर्टल जुलै २०१७ पासून चालू आहे, त्यावर शिकायला पैसे नाहीत, फक्त प्रमाणपत्राची परीक्षा दिली तर फी. त्यावर एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटींच्या शिक्षण-प्रकल्पाचे, मशीनिंगवर, क्वालिटीवर, मॅनेजमेंटवर कोर्स असतात. आठ आठवड्यांचा एखादा घे, तुझ्या कामाशी लागून असलेला. दर आठवड्याला एक स्वाध्याय असतो, अमुक तारखेच्या रात्री बंद होतो. परीक्षा देऊ नकोस, फक्त आठपैकी सहा स्वाध्याय मुदतीत देऊन दाखव. गुण किती पडले ते मला नको. सहा जमले तर बी.कॉम.ला पैसे भर. दोनच जमले तर एक वर्ष थांब, शिफ्ट बदलून मिळते का बघ, घरचं बसव. त्यात कमीपणा नाही.

डिग्री खरी धरतात का? मान्यताप्राप्त विद्यापीठाची, त्या सत्रासाठी परवानगी असलेल्या अभ्यासक्रमाची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे यूजीसीच्या नियमातच आहे. "त्या सत्रासाठी" हे दोन शब्द अधोरेखित कर. मान्यता विद्यापीठाला कायमची मिळत नाही, अभ्यासक्रमागणिक आणि ठरावीक काळापुरती असते. एका मोठ्या मुक्त विद्यापीठाची मान्यता २०१२-१३ नंतर काही वर्षं अडकली होती आणि मधल्या विद्यार्थ्यांचे फार हाल झाले. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, डीईबीच्या संकेतस्थळावर विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि वर्ष तिन्ही बघ, पानाचा स्क्रीनशॉट काढून तारखेसह ठेव.

आणि "एका बैठकीत डिग्री" अशा पाट्यांच्या वाटेला जाऊ नकोस. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं मला न विचारता अशाच एका दुकानात पैसे भरले. तीन महिन्यांत प्लास्टिकच्या कव्हरात मार्क्स कार्ड हातात. कंपनीनं पडताळणीला पाठवलं आणि नोकरीही गेली. त्याच दुकानदारानं तुला "डिस्टन्समधून बी.ई." असंही सांगितलं तर लक्षात ठेव, इंजिनिअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा यांच्या पदव्या या मार्गानं चालतच नाहीत.

एक बारीक काम आजच सुरू कर. आता प्रवेशाला एबीसी खातं (श्रेयांक जमा होतात ते) आणि त्यावरून काढलेला डीईबी आयडी लागतो, आणि तो आधारशी जोडलेला असतो. आपल्याकडे आधारवर परशराम, एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या मार्क्स कार्डावर परशुराम आणि बँकेत परसू असा एकच माणूस तीन नावांनी राहतो. गावाचं स्पेलिंग कन्नडवरून घेतलेलं, आडनाव कधी आहे कधी नाही. यात पोरांचे महिने जातात आणि प्रवेशाची मुदत टळते. मार्क्स कार्ड बदलायला जाऊ नकोस, तो लांबचा रस्ता. आधार त्याच्यासारखं करून घे. आणि जो मोबाइल नंबर जोडशील तो सहा वर्षं टिकव. रिचार्ज संपल्यामुळं नंबर गेला आणि ओटीपी दुसऱ्याच माणसाला जायला लागला, असं माझ्या केंद्रावर एकदा नाही, चारदा झालंय.

तोवर वहीचं पहिलं पान लिहून काढ. गणित देतो: मशीनची किंमत ८ लाख रुपये, आयुष्य १० वर्षं, शेवटी भंगारात ८० हजार येतील असं धर. दरवर्षीचा घसारा किती, आणि चौथ्या वर्षाअखेर वहीत मशीनची किंमत किती दिसेल? उत्तर फोनवर टाइप करू नकोस, पेननं लिहून फोटो पाठव. रविवारी गावी असशील तर सोमवारी खाली उतरल्यावर पाठवलंस तरी चालेल.